सशुल्क काय आणि मुक्त काय? : मुरबाड-शहापूरच्या बोली-सामग्रीच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव आहे. त्याच्या पुढे नाणेघाटाची चढण सुरू होते. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल सातवाहनकाळी ह्याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण असून, येणाऱ्याजाणाऱ्या मालावरील जकात त्यात जमा होई अशी परंपरा आहे. तेथून जवळच असलेल्या लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीशी निगडित असा ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील लेख कोरलेला आहे. यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची नोंद, आणि भारतीय संख्याचिन्हांचा एक प्राचीन पुरावा, ह्या दोन्ही दृष्टींनी त्याचे महत्त्व अभ्यासकांस परिचित आहे. ही परंपरा ग्राह्य धरली तर एक गोष्ट ध्यानात येते. जकात मालावर होती. लेख वाचण्यावर नव्हती.

आज मुरबाडच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ह्याच लेखाचा अभ्यास करावयाचे ठरविले, तर त्यास निराळा अनुभव येतो. ब्यूलर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेले ह्या लेखाचे वाचन इंटरनेटवर विनामूल्य मिळते. त्यानंतरच्या काळातील संशोधनपत्रिकांत आलेल्या कित्येक लेखांचे मात्र केवळ पहिले पान दिसते आणि पुढे मूल्य भरण्याची सूचना येते. घाट चढून मूळ लेख पाहण्यास पैसा लागत नाही. त्या लेखाविषयी विद्वानांनी काय म्हटले आहे हे जाणून घेण्यास मात्र लागतो.

संकेतस्थळावरील मजकुरासमोर उभ्या केलेल्या ह्या अटीस इंग्रजीत 'पेवॉल' म्हणतात. त्याचे 'शुल्कभिंत' असे शब्दशः भाषांतर करता येईल. परंतु भिंत सर्वांना सारखीच अडविते. द्वार मात्र कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या अटीवर उघडावयाचे हे ठरविता येते. प्रस्तुत प्रश्नाचा गाभा ह्या ठरविण्यातच असल्यामुळे येथे 'शुल्कद्वार' हा शब्द योजिला आहे. कोणता मजकूर शुल्कद्वाराच्या आत ठेवावा आणि कोणता बाहेर, ह्याचा निर्णय कोणत्या तत्त्वावर व्हावा, हा ह्या लेखाचा विषय होय. बोली-अभ्यासाची सामग्री संकेतस्थळावर आणू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठीय विभागापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

२. मुक्तद्वार आणि वर्गणीदार

हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्मास आला अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांतून महाराष्ट्रात जी ग्रंथालयपद्धती रुळली तिच्यात सामान्यतः तीन विभाग दिसतात. वर्तमानपत्रे व नियतकालिके ज्या मेजांवर मांडलेली असतात ते मुक्तद्वार वाचनालय. तेथे कोणीही यावे आणि वाचावे. कोश, सूची, गॅझेटियरे असा संदर्भविभाग. ती पुस्तके बसून पाहता येतात, घरी नेता येत नाहीत. तिसरा देवघेव विभाग; तो अनामत रक्कम व वर्गणी भरणाऱ्या सभासदांपुरता असतो.

ह्या विभागणीमागील तर्क पाहण्याजोगा आहे. वर्तमानपत्र कमी योग्यतेचे म्हणून ते फुकट ठेविले आणि कादंबरी अधिक योग्यतेची म्हणून तिला वर्गणी लाविली, असे येथे मुळीच नाही. तसे असते तर सर्वांत मौल्यवान जो कोश तो सर्वांत आधी कुलपात गेला असता. वर्गणी घेतली जाई ती पुस्तक घरी नेण्याबद्दल. एकाने पुस्तक नेले म्हणजे तितके दिवस ते दुसऱ्यास मिळत नाही. ते फाटते, हरवते, परत मागवावे लागते. म्हणजे शुल्क ज्ञानावर नसून सोयीवर, आणि त्या सोयीमुळे इतरांच्या होणाऱ्या अडचणीवर होते.

संगणकीय प्रतीच्या बाबतीत ह्या तर्काचा अर्धा भाग गळून पडतो. शहापूरच्या वाचकाने एखादा लेख उतरवून घेतला म्हणून लातूरच्या वाचकाची प्रत कमी होत नाही. दुसऱ्यास वंचित करण्याची भरपाई, हे शुल्काचे जुने कारण येथे उरत नाही. उरते ते एकच कारण: मजकूर तयार करण्यास, तपासण्यास आणि टिकवून ठेवण्यास लागणारा खर्च. तो खरा असतो व काही वेळा मोठाही असतो. म्हणून शुल्काचे समर्थन करावयाचे तर ते ह्या खर्चाच्याच आधारे करावे लागेल आणि तो खर्च दुसऱ्या मार्गाने भरून निघत असेल तर शुल्काचे समर्थन दुबळे होईल. पुढील विवेचनाचा हा पाया आहे.

३. वृत्तपत्रांचा अनुभव

शुल्कद्वाराचे प्रयोग प्रथम मोठ्या प्रमाणावर वृत्तपत्रांनी केले. त्यांतील एक उद्‌बोधक आहे. न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकाने सप्टेंबर २००५ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील स्तंभलेखकांचे लेख व जुन्या अंकांचा संग्रह वर्षाला सुमारे ५० डॉलर भरणाऱ्यांपुरता ठेवला. रोजच्या बातम्या मोकळ्या राहिल्या. निवडीमागील विचार सरळ होता. बातमी कोठेही मिळते, तिला पर्याय आहेत. नामांकित स्तंभलेखक अन्यत्र मिळत नाही, म्हणून मूल्य त्याचे घ्यावे. सुमारे २,२७,००० वाचकांनी ते दिलेही. तरी दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, ही योजना बंद करण्यात आली. शोधयंत्रांद्वारे येणारा वाचक ह्या दोन वर्षांत फार वाढला होता; तो दारापर्यंत येऊन परत जाई, आणि त्याच्या येण्याने मिळू शकणारे जाहिरातींचे उत्पन्न वर्गणीपेक्षा अधिक ठरेल असा चालकांचा हिशेब झाला.

मार्च २०११ मध्ये ह्याच दैनिकाने दुसरी पद्धत स्वीकारली. कोणताही विशिष्ट विभाग बंद न करता महिन्यास २० लेख प्रत्येकास मोकळे ठेवले आणि त्यापुढे वर्गणी मागितली. ही पद्धत टिकली. पुढे विनामूल्य लेखांची संख्या कमी होत गेली आणि २०२३ मध्ये वर्गणीदारांची एकूण संख्या १ कोटीपलीकडे गेली. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा ह्या दैनिकासह अनेक वृत्तपत्रांनी साथीसंबंधीचा आवश्यक मजकूर शुल्काविना खुला केला.

ह्या प्रयोगांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जे दुर्मिळ ते सशुल्क ही विभागणी वरकरणी तर्कशुद्ध दिसली तरी व्यवहारात ती लेखनाचा प्रभावच कमी करू शकते. दुसरी, विभागणी मजकुराचीच करावी असे नाही. ती वाचकाच्या वापराचीही करता येते. क्वचित येणारा वाचक आणि रोज येणारा वाचक ह्यांना एकच अट लावण्याचे कारण नाही. तिसरी, जो मजकूर न मिळाल्यास माणसाच्या जीविताला अपाय होईल त्याच्यापुढे द्वार नसावे, हे धंदा म्हणून चालणाऱ्या वृत्तपत्रांनीही मान्य केले.

येथे आणखी एक बारकावा नोंदविणे अवश्य आहे. शुल्काची अडचण केवळ रकमेची नसते. नाव नोंदविणे, परवलीचा शब्द ठरविणे, बँकेचे खाते जोडणे आणि बहुधा इंग्रजीत असलेली सूचना समजून घेणे, एवढे सर्व पहिल्या रुपयापूर्वीच करावे लागते. त्यामुळे शून्य रुपये आणि दहा रुपये ह्यांतील अंतर दहा रुपये आणि शंभर रुपये ह्यांतील अंतरापेक्षा पुष्कळ मोठे असते. 'नाममात्र शुल्क' हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे.

४. विद्याक्षेत्रातील विभागणी आणि तिचा एक दुष्परिणाम

विद्यापत्रिकांची परिस्थिती दैनिकांहून वेगळी आहे. येथे लेखकास मानधन मिळत नाही, परीक्षकासही सहसा मिळत नाही, आणि संशोधनाचा खर्च बहुधा सार्वजनिक निधीतून झालेला असतो. तरीही वाचकास शुल्क पडते. ह्या विसंगतीविरुद्ध २००२ मध्ये बुडापेस्ट येथून जे निवेदन प्रसिद्ध झाले त्यातून मुक्त प्रवेशाच्या चळवळीस निश्चित रूप आले. भारतात पीएच.डी.च्या प्रबंधांपुरता हा प्रश्न 'शोधगंगा' ह्या भांडाराने पुष्कळ अंशी सोडविला आहे. तेथील प्रबंध कोणासही वाचता येतात. पत्रिकांच्या बाबतीत केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ह्या योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका सुमारे ६,३०० शासकीय संस्थांना उपलब्ध करून द्यावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे.

ही योजना महत्त्वाची आहे, ह्यात शंका नाही. तथापि तिने शुल्कद्वार काढून टाकलेले नाही. संस्थेच्या वतीने शुल्क भरले आहे. जो संस्थेत आहे तो आत जातो. पदवी घेऊन गावी परतलेला विद्यार्थी, आश्रमशाळेतील शिक्षक, तालुक्याच्या वृत्तपत्राचा वार्ताहर आणि स्वतःच्या जमातीचा इतिहास लिहू पाहणारा कार्यकर्ता हे बाहेरच राहतात.

जुने मुक्त आणि नवे सशुल्क, ही विद्याक्षेत्रातील सर्वाधिक रूढ विभागणी होय. जेस्टोर ह्या संग्रहाने सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील १९२३ पूर्वीचे आणि इतर देशांतील १८७० पूर्वीचे लेख सर्वांना खुले केले, ते ह्याच तत्त्वावर. स्वामित्वहक्काची मुदत हा त्याचा कायदेशीर आधार आहे आणि तो योग्यही आहे. परंतु त्याचा एक दुष्परिणाम मुरबाड-शहापूरसारख्या प्रदेशाच्या बाबतीत विशेष जाणवतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड १८८२ मध्ये निघाला. तो आज विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात मुरबाड व शहापूर तालुक्यांची, तसेच कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी, आगरी व कुणबी ह्या समाजांची विस्तृत माहिती आहे. ती मोलाची आहे. पण ती त्या काळच्या प्रशासनाच्या दृष्टीने लिहिलेली आहे, आणि काही जमातींविषयीचे पूर्वग्रह तीत स्पष्ट दिसतात. गेल्या काही दशकांत मानवशास्त्रज्ञांनी, इतिहासकारांनी व भाषाशास्त्रज्ञांनी ह्या वर्णनांची जी चिकित्सा केली, तिच्यातील बराच भाग शुल्कद्वारामागे आहे. परिणाम असा होतो की, गावाविषयी काही लिहावयाचे झाले म्हणजे १८८२ चे वाक्य उद्धृत होते आणि त्याचे खंडन उद्धृत होत नाही. शाळेतील प्रकल्पवहीपासून वर्तमानपत्री लेखापर्यंत चूक मोकळेपणाने फिरते आणि दुरुस्ती दाराशी अडकते.

ह्यावरून एक नियम सांगता येतो. जे विनामूल्य असते तेच उद्धृत होते, आणि जे उद्धृत होते तेच कालांतराने सत्य म्हणून रूढ होते. म्हणून शुल्कद्वार कोठे ठेवावयाचे हा निर्णय केवळ जमाखर्चाचा नसतो. कोणते ज्ञान प्रचारात राहील ह्याचाही तो निर्णय असतो.

५. बोली-सामग्रीची स्थिती

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. आगरी, कातकरी, वारली इत्यादी बोलींचे नमुने त्यात आहेत. तोही आज मुक्त आहे. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींची जी वर्णनमाला लिहिली तीत १९६९ मध्ये ठाण्याच्या वारलीवरील पुस्तक निघाले. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची सामग्री संकेतस्थळावर विनाशुल्क ठेवण्यात आली आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मुक्तपणे पाहता येतात. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड मूळ प्रसिद्ध झाले ते भागीदार व वर्गणीदार ह्यांच्या आधारावर. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ते इंटरनेटवर सर्वांस खुले केले.

म्हणजे मराठीच्या बाबतीत संदर्भसाधने मुक्त ठेवण्याची परंपरा बरीच बळकट आहे, आणि ती बहुतेक सार्वजनिक निधीवर किंवा विश्वस्त संस्थांच्या आश्रयावर उभी आहे. अडचण येते ती ज्या लहान विभागांस असा कायम आश्रय नसतो त्यांची. क्षेत्रकार्यात मिळविलेल्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर, व्याकरणिक विश्लेषण व अर्थनोंदणी करण्यास कित्येक तास लागतात. ध्वनिफिती साठविणे, त्यांचे जुने स्वरूप नव्यात उतरविणे आणि संकेतस्थळ चालू ठेवणे ह्यांस दरवर्षी खर्च येतो. तेव्हा 'काही भाग सशुल्क करावा' ही सूचना विभागाच्या सभेत आली, तर ती लोभातून आली असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती संग्रह बंद पडू नये ह्या काळजीतून येते.

ह्या काळजीला उत्तर देताना सामग्री मूळ कोणाची, हे विसरून चालत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा, भातसा ह्या जलाशयांचे पाणी मुंबईस जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पाणी एकीकडे दिले म्हणजे दुसरीकडे कमी पडते. तेथे निदान वाटपाची अडचण तरी आहे. शब्दांच्या बाबतीत तीही नाही. कातकरी वाडीतील एखाद्या वृद्धेने सांगितलेली कथा तिच्या नातीस ऐकण्यासाठी शुल्क भरावे लागले, तर ती टंचाई निसर्गाची नसून केवळ विभागाच्या निर्णयाची असेल.

६. निर्णयाचे चार प्रश्न

वरील विवेचनावरून कोणत्याही मजकुराबाबत पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत असे दिसते. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच प्रश्नास निर्णायक उत्तर मिळाल्यास पुढे जाण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न: हा मजकूर मुळात कोणी दिला? ज्या भाषकसमाजाने तो दिला त्यास तो परत मिळविण्यासाठी शुल्क पडता कामा नये.

दुसरा प्रश्न: द्वार लाविल्यास बाहेर कोण राहील, आणि त्याच्या बाहेर राहण्याने ज्ञानाची काय हानी होईल? नोंदीतील चूक ओळखू शकणारा मनुष्य बहुधा गावातच असतो. 'पाणी'चा उच्चार 'पानी' होतो, एवढे ग्रियर्सनच्या काळापासून ठाऊक आहे. परंतु असा उच्चार आज कोणत्या वाडीत, कोणत्या वयाची माणसे, कोणाशी बोलताना करतात, ह्याची नोंद तपासू शकणारा वाचक मुरबाडात आहे. त्यास बाहेर ठेवणारा संग्रह आपल्या चुकाही आत कोंडून ठेवतो.

तिसरा प्रश्न: ह्यात विभागाने कोणते श्रम घातले, आणि त्यांचा खर्च अगोदर कोणी भरला आहे काय? अनुदानातून झालेल्या कामाचे मूल्य वाचकाकडून पुन्हा घेणे न्याय्य नाही. अनुदानाबाहेरील श्रमांचे मूल्य मागता येईल.

चौथा प्रश्न: मूल्य देण्याची ऐपत व कारण कोणास आहे? ग्रंथालये, प्रकाशक, आणि ध्वनिसामग्रीवरून यंत्रास भाषा शिकविणाऱ्या कंपन्या ह्यांना ते आहे. एकट्या जिज्ञासूला बहुधा नाही.

'हा मजकूर किती मौल्यवान आहे?' हा प्रश्न ह्या चारांत नाही, आणि तो हेतुतः वगळला आहे. मौल्यवान तेवढे कुलपात ठेवावे हा नियम दागिन्यांस लागू पडतो. संदर्भसाधनाचे मोल ते किती जणांनी वापरले व तपासले ह्यावर वाढते.

७. एका काल्पनिक संग्रहाची विभागणी

हे प्रश्न प्रत्यक्ष कसे लागू होतात हे पाहण्यासाठी, एखाद्या विभागाकडे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील बोलींची सामग्री आहे असे समजू. तीत ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे, शब्दसूची, बोलींचे नकाशे, संशोधनलेख, विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला स्वाध्यायक्रम, आणि यंत्राच्या वापरासाठी सुसूत्र केलेला आधारसंच आहे.

ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे व शब्दसूची ह्यांचा निर्णय पहिल्या प्रश्नावरच होतो. निवेदकांची संमती असेल तेथे ती मुक्त असावीत. आणि केवळ मुक्त नव्हे, तर मराठी सूचनांसह, नावनोंदणीविना, साध्या मोबाइलवर ऐकता येतील अशी असावीत. नकाशे दुसऱ्या प्रश्नामुळे मुक्त राहतात, कारण त्यांची तपासणी स्थानिक वाचकच करू शकतो.

संशोधनलेखांबाबत मतभेद संभवतो. वर्षभर वर्गणीदारांपुरते आणि नंतर सर्वांस खुले, असा मुदतीचा मार्ग काही पत्रिका पत्करतात. छापील अंकाच्या वर्गणीवर चालणाऱ्या पत्रिकेस तो उपयोगी पडतो. तथापि त्या वर्षातही लेखाचा मराठी सारांश व निष्कर्ष मोकळे असावेत. पूर्वी प्रसिद्ध झालेली एखादी चूक लेखात दुरुस्त केलेली असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच मुक्त असणे अगत्याचे आहे.

स्वाध्यायक्रम सशुल्क ठेवण्यास हरकत नाही. तेथे मूल्य बोलीचे नसून अध्यापनाच्या श्रमांचे व सोयीचे आहे. जुन्या ग्रंथालयातील देवघेव विभागाशी त्याचे साम्य आहे. स्थानिक शाळांना सवलत दिली म्हणजे झाले. सुसूत्र आधारसंच संशोधकांस विनामूल्य व व्यापारी उपयोगासाठी सशुल्क ठेवावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत अव्यापारी उपयोगाची अट घालण्याची सोय आहे. व्यापारी उपयोगासाठी निराळा करार करता येतो. अशा करारातून येणाऱ्या रकमेचा काही भाग निवेदकांच्या गावाकडे कसा जाईल, हे करारातच लिहिलेले असावे.

ह्या विभागणीत एक गोष्ट सहज दिसून येईल. मूळ सामग्री, तिची तपासणी आणि तिची दुरुस्ती मुक्त आहेत; सोय, शिकवणी व व्यापार सशुल्क आहेत. नाणेघाटाची विभागणीही हीच होती.

८. पैसा हा संमतीचा पर्याय नव्हे

येथवर केवळ सशुल्क व मुक्त अशा दोनच वर्गांचा विचार केला. परंतु काही सामग्री ह्या दोहोंत बसत नाही. विधीच्या वेळीच म्हणावयाची गीते, आजारावरील झाडपाल्याची माहिती, कर्जाच्या, वेठबिगारीच्या किंवा घरगुती त्रासाच्या हकिगती, निवेदकांची नावे व पत्ते, ह्यांच्या बाबतीत 'फुकट द्यावे की पैसे घेऊन द्यावे' हा प्रश्नच चुकीचा आहे. तेथे प्रश्न द्यावे की न द्यावे हा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार निवेदकाचा व त्याच्या समाजाचा आहे.

कित्येकदा संवेदनशील सामग्री शुल्कद्वारामागे ठेवून ती सुरक्षित झाली असे मानले जाते. हा भ्रम होय. शुल्क भरणारा मनुष्य विश्वासार्ह असतोच असे नाही. आणि ज्याची ती हकिगत आहे त्याच्याच मुलास ती मिळू नये, असे उलटे फळ मात्र निश्चित मिळते. संकटग्रस्त भाषांचे 'एलार' हे संग्रहालय, जे पूर्वी लंडनमध्ये होते व २०२१ पासून बर्लिनमध्ये आहे, तेथे प्रवेशास मूल्य नाही. मात्र काही संग्रह नोंदणीनंतर व काही संग्राहकाच्या परवानगीनेच पाहता येतात. आदिवासी समाजांच्या माहितीवर त्या समाजांचेच नियंत्रण व हित असावे, हा आग्रह २०१९ मध्ये मांडलेल्या 'केअर' तत्त्वांतही आढळतो. दोन्हींचा बोध एकच आहे. शुल्काचे द्वार आणि संमतीचे द्वार ही दोन वेगळी द्वारे आहेत. एकाची किल्ली दुसऱ्यास लावू नये.

९. एक आक्षेप

ह्या मांडणीवर एक आक्षेप घेता येईल. मूळ सामग्री मुक्त ठेवली आणि शिकवणी व व्यापारी परवाने ह्यांतून पुरेसे उत्पन्न झाले नाही, तर संग्रहच बंद पडेल. आणि बंद पडलेल्या संग्रहापेक्षा सशुल्क संग्रह बरा. आक्षेपात तथ्य आहे, आणि बोली-सामग्रीला व्यापारी गिऱ्हाईक मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

तथापि दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक, थोडा वाचकवर्ग असलेल्या सामग्रीवर वाचकाकडून शुल्क घेऊन मिळणारी रक्कम अल्प असते. पैसे घेण्याची यंत्रणा चालविण्यातच तिचा बराच भाग जातो. म्हणजे ज्या संग्रहास पैशाची गरज अधिक, त्यास शुल्कद्वाराचा लाभ कमी. दुसरी, आश्रयदाता मिळवावयाचा तर वापर दाखवावा लागतो. विद्यापीठापुढे, शासनापुढे किंवा एखाद्या विश्वस्त निधीपुढे मागणी करताना 'आमचा संग्रह मुरबाड-शहापूरच्या शाळांतून ऐकला जातो' हे विधान जमाखर्चाच्या लहानशा आकड्यापेक्षा अधिक वजनदार ठरते. द्वार बंद ठेवल्यास ते विधान करता येत नाही. खर्चाची तरतूद नसेल तर संग्रह करण्यापूर्वीच ती करावी. निवेदकांपुढे ध्वनिमुद्रक ठेवल्यानंतर तिचा भार त्यांच्या मुलाबाळांवर टाकणे उचित नव्हे.

१०. समारोप

सारांश, कोणता मजकूर सशुल्क असावा ह्याचा निर्णय मजकुराच्या मोलावरून करू नये. तो मजकूर कोणाकडून आला, द्वाराबाहेर कोण राहतो, श्रमांचा खर्च कोणी भरला आणि मूल्य देण्यास समर्थ कोण, ह्यांवरून करावा. जे देणाऱ्याचे आहे ते त्यास मुक्त असावे; जी चूक मोकळी फिरते तिची दुरुस्तीही मोकळी असावी; शुल्क सोयीवर, अध्यापनावर व व्यापारावर असावे; आणि जे संमतीचे आहे ते पैशाच्या व्यवहारात आणूच नये.

प्रत्येक विभागाने आपला संग्रह संकेतस्थळावर चढविण्यापूर्वी ही विभागणी लिहून काढावी आणि ती निवेदकांस त्यांच्या बोलीत वाचून दाखवावी. त्या वाचनात जो हरकत घेईल त्याची हरकत मूळ दस्तऐवजात नोंदविली जावी. पुढील अभ्यासकास ध्वनिफितीइतकीच तीही उपयोगी पडेल.